फ्रीव्हील पुढे की मागे? ट्रायल्स बाइकच्या चेनभोवतीची सगळी खरेदी

ट्रायल्स बाइक, म्हणजे पाय न टेकता दगडांवरून, अडथळ्यांवरून उड्या मारत न्यायची सायकल, बांधायला घेतली की सगळे आधी फ्रेमवर बोलतात, मग ब्रेकवर, मग रिमच्या कलरवर, आणि चेन-स्प्रॉकेटचा विषय निघाला की "त्यात काय, एक पुढे एक मागे, सिंगलस्पीड तर आहे" म्हणून सोडून देतात. गिअर नाहीत, शिफ्टर नाही, डिरेलर नाही, मग निवडायचं तरी काय असं वाटतं खरं. पण ज्या भागावर तुम्ही दगडाच्या कडेला उभं राहून अख्खं अंग झोकून देता, तो भाग हाच आहे. ब्रेक घसरला तर बाइक सरकते आणि बऱ्याचदा आपण उतरू शकतो. ऐन किकमध्ये, म्हणजे उडीसाठी पेडलला जोराचा झटका देताना, फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) सुटलं किंवा चेन तुटली तर उतरायला वेळच मिळत नाही, पाय सरळ खाली जातो आणि गुडघा, छाती किंवा तोंड हँडलबारवर येतं.

म्हणून माझं सरळ मत असं आहे की पार्ट्सची यादी करायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, फ्रीव्हील पुढे क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, हवं की मागे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी. हे एकदा ठरलं की क्रँक कोणती, हब कुठलं, कॉग (मागची लहान दातेरी चकती) कसा, चेनलाइन (चेन पुढून मागे सरळ रेषेत येणं) किती, हे सगळं आपोआप त्याच्यामागे येतं. उलटं केलं, म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून क्रँक उचलली आणि आवडलं म्हणून हब घेतलं, तर शेवटी दोन फ्रीव्हीलं एका बाइकवर येतात किंवा एकही येत नाही. एकही नसेल तर बाइक फिक्स्ड झाली, ट्रायल्सला काही उपयोगाची नाही.

साध्या सायकलला फ्रीव्हील मागे असतं हे सगळ्यांना माहीत आहे. ट्रायल्सच्या 20 इंची बाइकवर मात्र ते बहुतेक वेळा पुढे असतं. क्रँकच्या आतल्या बाजूला आटे असतात, त्यावर 18 दात्यांचं फ्रीव्हील बसतं, आणि मागच्या हबवर नुसता फिक्स्ड कॉग. यामागे कारण दात्यांचं आहे. नेहमीच्या 1.37 इंची आट्यांवर बसणारं फ्रीव्हील 16 दात्यांपेक्षा लहान बनवता येत नाही, आत पॉल (एकाच दिशेने पकडणारे खटके) आणि बेअरिंगला जागाच उरत नाही. लहान चाकाला रेशो (पुढचे दाते भागिले मागचे दाते) साधारण दीड लागतो, तर मागे 16 ठेवलं की पुढे 24 दात्यांची चकती आली, आणि ती दगडावर आपटणार. फ्रीव्हील पुढे नेलं की मागे 12 चा चिमुकला कॉग चालतो, पुढे 18 पुरतात, बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे क्रँक फिरते त्या जागेखाली, मोकळी जागा राहते. शिवाय मागच्या हबमध्ये रॅचेट वगैरे काहीच नाही, नुसतं बेअरिंग आणि शेल, म्हणजे हलकं आणि बिनत्रासाचं.

एक गंमत बरेच जण नीट बघत नाहीत. मागच्या चाकावर चेन फ्रीव्हीलला ओढते आणि फ्रीव्हील हबला फिरवतं, पुढे मात्र उलटं, क्रँक फ्रीव्हीलला फिरवते आणि ते चेनला ओढतं. मग तेच फ्रीव्हील दोन्हीकडे कसं चालतं? कारण पुढे ते उलटं तोंड करून, फ्रेमच्या बाजूने बसवलेलं असतं. क्रँक हातात घ्या, आतली बाजू वर करा आणि फ्रीव्हील नेहमीसारखं उजवीकडे फिरवत आटे लावा, म्हणजे टूलच्या खाचा फ्रेमकडे येतात. आता विचार करून बघा, दर किकला ते त्याच दिशेने आवळलं जातं, सुटत नाही. डावे-उजवे आटे वगैरे भानगडच नाही. फक्त याचा एक त्रास असा की ते काढायचं असेल तर आधी क्रँक उतरवावी लागते, आणि वर्षभर किक खाऊन खाऊन ते इतकं घट्ट बसतं की क्रँक मोठ्या व्हाइसमध्ये धरून लांब पान्यानेच हलतं. म्हणून बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस लावा, यात कंजुषी नको. कोरडं बसवलेलं फ्रीव्हील क्रँकसकट भंगारात गेलेलं बघितलंय.

बॅशरिंग, म्हणजे दगडाचा मार झेलणारी कडी, बहुतेक वेळा क्रँक आणि फ्रीव्हीलच्या मध्ये दाबून बसते, हेही आधीच लक्षात घ्या, कारण तिच्या जाडीने फ्रीव्हील तेवढं आत सरकतं आणि आटे तेवढे कमी पकडले जातात. जाड बॅशरिंग घेऊन फ्रीव्हील अर्ध्या आट्यांवर लटकत ठेवणं म्हणजे क्रँकचे आटे सोलून निघायची तयारी.

आता मागचं फ्रीव्हील, म्हणजे हबमधलं फ्रीहब. 26 इंची आणि 24 इंचीवर हे चालतं आणि चांगलं चालतं. नेहमीचं 135 मिलिमीटरचं डिस्क हब असेल तर त्यावर स्पेसर लावून एकच कॉग बसवता येतो, कॉग सहज बदलता येतो, आणि चाक फिरत असताना पेडल थांबवलं की चेनही थांबते. पुढच्या फ्रीव्हीलमध्ये चाक फिरतंय तोवर चेन फिरतच राहते, बाइक हाताने ढकलत नेली तरी, त्यामुळे पँटचा पाय किंवा बुटाची नाडी आत गेली तर पेडल थांबवून उपयोग नाही. लहान मुलांना बाइक धरायला देताना बोटं लांब ठेवा म्हणून आधी सांगा, खरंच सांगतो. फ्रीहबचा तोटा म्हणजे तो बिघडला की अख्खं चाक बाजूला ठेवावं लागतं, आणि ट्रायल्सचा मार झेलणारा फ्रीहब स्वस्तात मिळत नाही. साध्या एमटीबी हबचा फ्रीहब ट्रायल्सला वापरू नका, थोडे दिवस काहीच होत नाही आणि म्हणूनच तो धोक्याचा.

मग येतो तो सगळ्यांचा आवडता आकडा, एंगेजमेंट पॉइंट. म्हणजे पूर्ण एका फेरीत फ्रीव्हील किती ठिकाणी पकडतं. साध्या फ्रीव्हीलला 18 वगैरे असतात, म्हणजे पेडल 20 अंश रिकामं फिरू शकतं, आणि 175 मिलिमीटरच्या क्रँकवर 20 अंश म्हणजे पेडल जवळजवळ 6 सेंटिमीटर हवेत जातं. मागच्या चाकावर तोल सांभाळत उभे आहात आणि पाय 6 सेंटिमीटर खाली जाऊन मग पकड येतेय, तोवर तोल गेलेला असतो. व्हाइट इंडस्ट्रीजचं साधं ईनो फ्रीव्हील 36 पॉइंटचं, म्हणजे 10 अंश, त्यांचंच ट्रायल्सचं वेगळं 72 चं, म्हणजे 5 अंश, पेडलवर दीड सेंटिमीटर. एकोचं 108 पॉइंटचं, म्हणजे साडेतीन अंशांच्या आत. हबमध्ये क्रिस किंगची रिंग ड्राइव्ह 72, प्रोफाइलचं नेहमीचं हब 48.

पण हे आकडे पुढे-मागे सरळ तोलू नका. फ्रीव्हील पुढे असेल तर जितके अंश तितकेच पेडलला जाणवतात. मागे असेल तर मध्ये रेशो येतो, 18:15 वर क्रँक एक अंश फिरली की मागचा कॉग 1.2 अंश फिरतो, म्हणून मागच्या 72 पॉइंटचे 5 अंश पेडलवर सव्वाचारच्या आसपास होतात, आणि 48 वालं हब, जे ऐकायला कमी वाटतं, ते सव्वासहा अंशांवर येतं. म्हणजे मागचं 48 हे पुढच्या साधारण 58 पॉइंटसारखं वागतं. दुकानात कोणी हे सांगत नाही.

आणि खरं सांगू का, 72 च्या पुढे गेलात की आकडा वाढल्याने मिळणारा फायदा चेनच्या ढिलाईतच हरवून जातो. चेन जरा सैल असली की पेडलला तेवढंच अंतर रिकामं जातं, मग 108 काय आणि 200 काय. पॉइंट वाढवायला आतले दाते बारीक करावे लागतात, किंवा पॉल दोन-तीन गटांत मागेपुढे ठेवावे लागतात म्हणजे एका वेळी सगळे पॉल भार घेत नाहीत. दोन्ही प्रकारांत कचरा, घट्ट ग्रीस, थकलेली स्प्रिंग यांचा परिणाम जास्त होतो. पॉल अर्धवट बसतो, भार येईपर्यंत टिकतो आणि मग सुटतो. म्हणून मी जास्त पॉइंटवालं न घेता असं फ्रीव्हील घेतो जे उघडून साफ करता येतं. आत पातळ तेल घाला, जाड बेअरिंग ग्रीस भरू नका, थंडीत ते घट्ट होतं आणि पॉल वर यायला आळस करतात. कानाजवळ धरून हळूहळू उलटं फिरवा, टिक्-टिक् एकसारखी आणि कोरडी आली पाहिजे. मध्येच एखादी टिक् दबलेली, मऊ ऐकू आली तर तो पॉल चिकटतोय. ते फ्रीव्हील घेऊन उंचावर चढायचं नाही.

रेशोवर लोक फार वाद घालतात, मला त्यात एवढं काही वाटत नाही. 20 इंचीला 18:12, 26 इंचीला 18:15 किंवा 22:18, 24 इंचीला 18:14 च्या आसपास. चाकाचा व्यास गुणिले पुढचे दाते भागिले मागचे दाते करून बघा, 30, 31.2, 31.8 आणि 30.9 येतात, म्हणजे चाक कुठलंही असो, सगळे फिरून फिरून तिथेच आलेत. इतक्या वर्षांत इतक्या रायडरच्या पायांनी ठरवलेला आकडा आहे हा, सुरुवातीला त्याच्याशी भांडू नका. याचा अर्थ पेडलच्या एका पूर्ण फेरीला बाइक अडीच मीटरच्या आसपास जाते, आणि पाव फेरीच्या किकला 60 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एका दगडावरून शेजारच्या दगडावर जाण्यापुरती. रस्त्यावर मात्र या रेशोने पेडल मारून कुठे जायचं म्हटलं तर पाय शिवणयंत्रासारखे फिरतात आणि शेजारून आजोबा साध्या सायकलवर निघून जातात, त्याला इलाज नाही.

थोडंसं बदलायचं असेल तर 22:18 बरं, कारण मागचा एक दाता कमी-जास्त केला की साडेपाच-सहा टक्क्यांचाच फरक पडतो, 18:15 वर एक दाता म्हणजे सहा-सात टक्के. स्ट्रीट करणारे, म्हणजे ज्यांना उडी मारायच्या आधी थोडा वेग लागतो, ते जरा जड रेशो घेतात. दगडांवर स्पर्धेसारखं चालवणाऱ्यांनी हलक्याच बाजूला राहावं.

मोठी जोडी घेण्याचं अजून एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 70 किलोचा माणूस 175 च्या आडव्या क्रँकवर नुसता उभा राहिला तर 18 दात्यांच्या स्प्रॉकेटवर चेनमध्ये 335 किलोच्या आसपास ओढ येते. 22 वर तीच ओढ 275, आणि नेहमीच्या 32 दात्यांच्या एमटीबी चकतीवर 190. हे नुसतं उभं राहिल्यावर. किकमध्ये तुम्ही हँडल वर ओढून पाय खाली मारता, म्हणजे शरीराच्या वजनापेक्षा बराच जास्त जोर पडतो, दुप्पट धरला तर 18 वर साडेसहाशे किलोच्या पुढे गेलात. चांगली चेन टनाच्या आसपास सहन करते, पण ती नवी, सरळ, न वाकलेली चेन. दगडावर आपटून एखादी पट्टी वाकलेली असेल तर तो हिशोब विसरा. 22:18 मध्ये दोन कॉग जरा जड होतात, खालची जागाही थोडी कमी होते, पण चेन आणि फ्रीव्हील दोन्ही सुखात राहतात. वजनदार रायडर असाल तर 26 इंचीवर मी डोळे झाकून 22:18 सांगेन.

चेन 1/8 घ्यायची की 3/32, हा पुढचा प्रश्न. 1/8 म्हणजे आतली रुंदी 3.2 मिलिमीटर, 3/32 म्हणजे 2.4. रुंद चेन बारीक दात्यांवर चालते, उलटं जमत नाही, एवढंच जुळवायचं असतं. रुंद म्हणजे मजबूत असं काही नाही, मजबुती बाजूच्या पट्ट्यांची जाडी आणि पिन पट्टीत किती घट्ट बसलीय यातून येते. केएमसीची के 710, जिला लोक कूल चेन म्हणतात, ती ट्रायल्समध्ये खूप वर्षं चालत आलीय, जाड पट्ट्यांची आहे, जरा जड आहे, पण मला तीच आवडते. पिना पोकळ करून वजन वाचवलेल्या चेनांपासून मी लांबच राहतो. अख्खी हाफ-लिंकची चेन दिसायला भारी असते, पण तिची प्रत्येक पट्टी मध्ये वाकवलेली असते, जोर आला की ती वाकडी पट्टी सरळ व्हायला बघते आणि चेन लांबते. नको. एखादी हाफ-लिंक लांबी जुळवायला लावली तर ठीक.

चेन तुटते ती बहुतेक वेळा जोडाशी. क्लिपवाली मास्टर लिंक साध्या सायकलला चालते, पण ट्रायल्समध्ये चेन दगडाला घासते, आणि क्लिप निघाली की कळतसुद्धा नाही. मी पिननेच जोडतो. चेन ब्रेकरने पिन ढकलताना पूर्ण बाहेर काढू नका, बाहेरच्या पट्टीत जेमतेम अडकून राहील एवढीच ढकला, म्हणजे जोडताना ती हाताने सरळ धरावी लागत नाही. मग परत आत दाबताना शेवटी अगदी पाव-पाव फेरी करत जा, आणि दोन्ही बाजूंनी पिन सारखीच बाहेर दिसतेय का हे नखाने तपासा, नखाला फरक कळतो, डोळ्याला कळत नाही. जोडलेली लिंक कडक वळत असेल तर दोन्ही हातांनी चेन आडवी, बाजूला थोडी वाकवा, मोकळी होते. कारखान्यातून पिनचं टोक थोडं फुगवलेलं येतं आणि एकदा ढकललं की ते फुगवलेलं टोक जातं, त्यामुळे ज्या चेनसोबत जोडायची वेगळी पिन येते तिथे तीच वापरा, आणि पुढच्या वेळी चेन दुसऱ्या ठिकाणी उघडा, त्याच जोडावर परत नाही.

लांबी मोजून चेन बदलायची पट्टी इथे फारशी कामाची नाही. ट्रायल्स बाइक किलोमीटर कमी करते, चेन झिजण्याआधीच मार खाते. महिन्यातून एकदा चेन पुसून उजेडात एकेक लिंक बघा, पट्टीला केसासारखी चीर, वाकलेली पिन, एकाच जागी कडक वळण, यातलं काहीही दिसलं तर दुरुस्ती करू नका, चेन फेका.

कॉगचं म्हणाल तर मागे स्टीलच. अ‍ॅल्युमिनियमचा 12 दात्यांचा कॉग वजनात मस्त, पण एवढ्या ओढीला दाते लवकर शार्कच्या पंखासारखे होतात. फ्रीहबवर बसवणार असाल तर पायथा रुंद असलेला कॉग घ्या. पत्र्यातून कापलेला पातळ कॉग अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये खाचा पाडतो, मग तो निघत नाही आणि एंगेजमेंट कितीही भारी असली तरी प्रत्येक किकला आधी कॉग हलतो. अजून एक, मागे फ्रीव्हील असेल तर पुढची चकती क्रँकला पक्की असते आणि आपला चांगला पाय नेहमी त्याच जागी पुढे असतो, म्हणून किकचा सगळा मार चकतीच्या त्याच त्याच दात्यांवर बसतो. बोल्टवाली चकती असेल तर अधूनमधून एक भोक फिरवून लावा, आयुष्य वाढतं. पुढच्या फ्रीव्हीलला हा त्रास नाही, ते दर वेळी वेगळ्या जागी पकडतं.

चेनलाइनवर फार बोलत नाही, लांब सरळ पट्टी पुढच्या स्प्रॉकेटला टेकवून मागच्या कॉगपर्यंत न्या, एक मिलिमीटरच्या आत आलं की झालं, नाहीतर स्पेसर इकडचा तिकडे.

टेन्शनिंगला मात्र वेळ द्या. आडव्या ड्रॉपआउटवर (ड्रॉपआउट म्हणजे फ्रेममधली मागच्या चाकाची खाच) स्नेल कॅम असतात, गोगलगायीच्या शंखासारख्या आकाराच्या चकत्या, त्यांवर आकडे किंवा खाचा असतात आणि दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर लागतात. उभ्या ड्रॉपआउटवर स्प्रिंगवाला टेन्शनर लावावा लागतो, तो चेनला खालून वर ढकलणारा घ्या म्हणजे लहान कॉगला जास्त दाते पकडतात. स्प्रॉकेट आणि फ्रीव्हील कधीच शंभर टक्के गोल नसतात, म्हणून पेडल फिरवत जिथे चेन सगळ्यात टाइट होते ती जागा शोधा आणि तिथे मध्यभागी चेन वर-खाली मिळून सेंटिमीटरभर हलेल असं ठेवा. सैल जागा बघून आवळलं तर टाइट जागी बेअरिंग रडतं. कॅम शेवटच्या खाचेला पोचली आणि तरी चेन सैल असेल तर लगेच नवी चेन नको. एक पूर्ण लिंक जोडी काढली की एक्सल 12.7 मिलिमीटर पुढे येतो, हाफ-लिंकने 6.35, आणि मागचा कॉग एका दात्याने मोठा केला तर चेन तीनेक मिलिमीटर मागे सरकवल्यासारखी टाइट होते, रेशो थोडा हलका होईल तेवढाच.

सगळं जोडून झालं की लगेच दगडाकडे धावू नका. सपाट जागेवर मागचा ब्रेक दाबून, चांगला पाय पुढे ठेवून पेडलवर पूर्ण वजन टाका, मग ब्रेक धरूनच छोटे छोटे झटके द्या, क्रँक वेगवेगळ्या जागी आणून परत द्या. टक् असा आवाज येऊन पाय थोडासा जरी खाली गेला तरी तो कॉग बसल्याचा आवाज म्हणून सोडून देऊ नका, एकदा आला तर चालेल कारण आटे आवळले जातात, दुसऱ्यांदा आला तर उघडून बघा. पहिल्या राइडनंतर एक्सलचे नट परत तपासा, उजवीकडचा आधी, कारण चेन त्याच बाजूने चाक पुढे ओढते. कॅमची खाच तीच असली तरी चेनचं टेन्शन परत बघा, नवी चेन पहिल्याच दिवशी थोडी बसते.